रसूलचाचांचा अंगठा

लातुरात हेवी मेटल रॉक वाजत होतं असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे बँजो पार्टी का?" पूर्वी मी चिडायचो. आता चिडण्याचं वय राहिलं नाही, म्हणून पुरावा दाखवतो. माझ्याकडे दोन खोकी भरून कॅसेटी आहेत. त्यांच्या पाठीवर निळ्या शाईत बँडची नावं आहेत : 'पत्राशेड', 'डेड स्टोरेज', 'नापास'. अक्षर गुलाम रसूल यांचं. हा माणूस नसता तर आमचं सगळं वाजवणं हवेत विरलं असतं आणि पुणेकरांचं हसणं खरं ठरलं असतं.

गुलाम रसूल म्हणजे आम्हा पोरांचे रसूलचाचा. गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. चाचांनी घड्याळं सोडली आणि टेप धरला. दुकान एवढंसं, की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं आणि आवाज आत राहायचा. कव्वाली असो, भीमजयंतीची गायन पार्टी असो, कुणाच्या लेकीचं लग्न असो, चाचा आपली मशीन पिशवीत घालून हजर. स्टेजच्या कडेला उकिडवे बसायचे आणि पॉजच्या बटणावर उजवा अंगठा ठेवायचे.

त्या अंगठ्याची गावभर ख्याती होती. गाणं सुरू व्हायच्या अगदी आधी बटण सुटायचं आणि शेवटचा ठोका पडला की दाबलं जायचं. मधलं निवेदन, सत्कार, खाकरणं, "हॅलो माइक टेस्टिंग", पुढाऱ्याचे दोन शब्द, जे नेहमी दोनशे असायचे, यातलं काही टेपवर यायचं नाही. "टेप में हवा नै बेचता मैं," चाचा म्हणायचे. लातूर डाळीचं गाव. लोक म्हणत, रसूलची कॅसेट म्हणजे निवडलेली डाळ, एक खडा सापडायचा नाही. हे ऐकून चाचा भलतीकडे पाहायचे, पण मिशीतल्या मिशीत हसायचे.

मी उदगीरकडचा, बसवंत. बारावीचे मार्क वाढवायला वडिलांनी मला लातूरला आणून टाकलं, तेव्हा भूकंपाला चार वर्षं झाली होती. तोवर बाहेरचे लोक लातूर म्हटलं की "अरे रे" म्हणायचे. आता "वा" म्हणू लागले होते, कारण बोर्डात येणारी पोरं इथली निघू लागली होती. घराघरात कॉट भाड्याने मिळू लागली. पहाटेपासून सायकलींचे थवे या क्लासहून त्या क्लासला. आम्हाला झोपायला, जेवायला आणि रडायला वेळ ठरवून दिलेला होता. त्यातला रडायचा वेळ आम्ही काही जणांनी दुसऱ्या कामाला लावला.

नागसेन मला क्लासच्या शेवटच्या बाकावर भेटला. औशाकडच्या एका गावचा. भूकंपात त्याचे वडील आणि धाकटी बहीण गेली, तो आणि आई नागुबाई राहिले. दोन वर्षं त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढली, मग सरकारी पुनर्वसनाच्या गावात घर मिळालं आणि हा शिकायला बोर्डिंगात आला. बोलायचा इतकं हळू, की चहावाला दोनदा विचारायचा, "काय पायजे?" मला पहिले आठ दिवस वाटलं, पोरगं मुकं आहे.

मेटल आमच्याकडे आलं नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुंबई-बंगळूरची पोरं, त्यांच्या बॅगेत कॅसेटी. नांदेडला मावशीकडे गेलो की एखादी उचलून आणायची आणि चाचांकडे कॉपी करायला द्यायची. पहिली कॅसेट लावली तेव्हा चाचांनी अर्ध्या मिनिटात मशीन बंद केली, हेड स्पिरिटने पुसलं, पट्टा तपासला आणि पुन्हा लावली. तोच गोंधळ.

"मशीन बिघडी नै ना बेटा?" त्यांनी मला विचारलं.

"नै चाचा, ऐसाच है वो."

"अल्ला. पैसे देके लाया तू ये?"

पण चाचांचा मुलगा यासेर आतून ऐकत होता. तो लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा आणि घोड्यापुढे तेच ते वाजवून त्याचे हात कंटाळले होते. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाठलं. यासेर ड्रमवर, मी बेस गिटारवर, एक-दोन गिटारवाले येऊन-जाऊन. गायला कुणी मिळेना. नागसेन नुसता बघायला आला होता. यासेर थट्टेने म्हणाला, "नाग्या, तू बोंबल की." त्याने माइक हातात घेतला, डोळे मिटले, आणि त्या मुक्या पोराच्या पोटातून जो आवाज निघाला तो ऐकून यासेरच्या हातातली काठी खाली पडली. बँडचं नाव 'पत्राशेड' त्यानेच ठेवलं. का, ते विचारायची गरज नव्हती.

आम्ही एका डाळमिलच्या गोदामात वाजवायचो. मिल चालू असताना वाजवलं की कुणाला कळायचं नाही आणि शेजारीपाजारी शिव्या मिलच्या मालकाला घालायचे. रेकॉर्डिंग मात्र अमावास्येला, कारण त्या दिवशी हमाल सुट्टी घेतात आणि मिल बंद असते. चाचा दर अमावास्येला दुपारी पिशवी घेऊन येत. मुलाच्या हौसेखातर येतात असं आम्हाला वाटे. पहिले काही महिने कानात कापूस घालून बसायचे आणि गाणं संपलं की आमच्या हातांकडे बघून बटण दाबायचे.

नागसेनचं एक गाणं होतं. 'भिंत नको, भिंत नको, आभाळ दे' एवढेच शब्द, तेच पुन्हा पुन्हा, शेवटी तर शब्दही नाही, नुसती किंकाळी. ते रेकॉर्ड करताना चाचांनी कानातला कापूस काढला. गाणं संपलं, बटण दाबलं. मग म्हणाले, "बेटा, ये गाना नै है. लेकिन सच्चा है." त्या दिवसापासून त्यांनी आमच्या प्रत्येक कॅसेटची मूळ प्रत स्वतःकडे ठेवली. पुन्हा कुणी त्यावर दुसरं भरू नये म्हणून तिच्या मागच्या प्लास्टिकच्या दोन कळ्या मोडून टाकायचे. विष्णुपुरीच्या पोरांचा 'डेड स्टोरेज' निघाला, तिथल्या धरणाच्या तळाशी अडकून राहणाऱ्या पाण्याची भाषा होती ती. बिलोलीच्या एका बारावी नापास पोराने 'नापास' काढला. त्यांची गाणी दीड मिनिटाची आणि प्रत्येक गाणं क्लासवाल्यांच्या नावाने. चाचा एसटीने नांदेडला जाऊन त्यांनाही टिपून आणायचे. घरी फरीदाचाची म्हणायची, "इस उमर में शैतान जमा करते." चाचा म्हणायचे, "शैतान नै, बच्चे हैं."

नागसेन गेला तो विष्णुपुरीहून परत येताना. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही वाजवलं होतं. यासेर आणि मी सामानाबरोबर टेम्पोत, तो बोर्डिंगात वेळेत पोचायचं म्हणून आधी काळीपिवळी जीप धरून निघाला. लोह्याच्या पुढे जीप उलटली. बाकीच्यांना खरचटलं. भूकंपातून वाचलेलं पोर असं एका साध्या वळणावर गेलं याचा राग मला आजही येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

'पत्राशेड' तिथेच संपलं. बाकीचे बँड रिझल्टने संपवले. कुणी डॉक्टर झाला, कुणी पुण्याला गेला, 'नापास'वाला पास झाला. यासेर सौदीला. मी फिजिक्स घेऊन परत लातूरलाच आलो आणि ज्या क्लासवाल्यांच्या नावाने आम्ही बोंबललो त्यांच्यातलाच एक झालो. चाचांच्या रस्त्यावर पाट्यांची रांग लागली : मेडिकल, इंजिनिअरिंग, हमखास यश. सीडी आल्या, मग मोबाइल आले. चाचांनी अर्धं दुकान नोट्सच्या झेरॉक्सला भाड्याने दिलं आणि उरलेल्या अर्ध्यात त्या कॅसेटी घेऊन बसले. रोज एकेक काढून पुसायचे, मागेपुढे फिरवून ठेवायचे, चिकटू नयेत म्हणून. विकत मागणारं कुणी नव्हतं. मी विचारलं, "चाचा, कुणासाठी ठेवता?" म्हणाले, "कोई तो आयेगा पूछता."

आली ती नागुबाई.

मी त्या दिवशी दुकानात होतो. उन्हाळ्याची दुपार, हातात पिशवी, पदर डोक्यावर. तिला कुणीतरी सांगितलं होतं की नागसेनचा आवाज लातुरात एका टेपात आहे. लेकाचा एक शाळेचा फोटो होता तिच्याकडे, पण फोटो बोलत नाही. ती म्हणाली, "भाऊ, म्या आता इसरून राहिले. तोंड ध्यानात हाय, आवाज ध्यानात न्हाई. रातचं आठवाया बसते, येत न्हाई. एकडाव ऐकवा."

चाचांचा चेहरा असा उजळला की मला तो आनंद माझाच वाटला. त्यांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, सगळ्यात चांगली कॅसेट काढली, हेड पुसलं. तिच्या बाजूला स्पीकर वळवला आणि लावली.

नागुबाई ऐकत राहिली. गिटारी, ढोल, आणि त्यावर तो घशाच्या तळातून येणारा गुरगुराट. तिने आधी चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाट पाहत होती. गाणं संपलं, दुसरं लागलं. दुसरंही संपलं.

"ह्यात माझं लेकरू कवा येतंय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "मावशी, तोच हाय की हा."

"न्हाई." तिने मान हलवली. "माझं लेकरू असं बोलत नव्हतं. लई हळू बोलायचं. कुण्या राक्षसाचा आवाज हाय ह्यो. त्याचं बोललेलं लावा की भाऊ. गाण्याच्या आदी काई बोलला आसंल, मागून बोलला आसंल. येवढी टेपं हायेत."

दुकानात तेवढं झेरॉक्सचं मशीन वाजत होतं. चाचांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, बघवलं नाही. नागसेन प्रत्येक गाण्याच्या आधी काहीतरी बोलायचा. गाण्याचं नाव सांगायचा, यासेरला "हळू घे रे" म्हणायचा, हसायचा. पाणी मागायचा. ते सगळं चाचांसमोर, त्यांच्या माइकपुढे, कितीतरी अमावास्या होत होतं. आणि त्या प्रत्येक वेळी तो अंगठा दाबलेला होता.

"परसों आओ बाई," चाचा म्हणाले. "मैं ढूँढता. मिळंल काही तरी."

त्यांनी सगळ्या कॅसेटी ऐकल्या. सगळ्या, दोन्ही बाजू. 'नापास'च्या आणि 'डेड स्टोरेज'च्यासुद्धा, न जाणो तिथे मागे कुठे नागसेन बोलला असेल म्हणून. एखाद्या वेळी तरी हात चुकला असेल, उशीर झाला असेल, एखादा शब्द निसटून आत आला असेल. हात कधीच चुकला नव्हता. मला भेटले तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाले, "बसवंत, लोगाँ तारीफ करते थे ना? देख. एक लफ्ज नै छोडा मैंने उस बच्चे का." आणि दुकानात, उघड्या रस्त्यासमोर, चाचा लहान मुलासारखे रडले. त्या माणसाने जन्मभर आमचा आवाज जपला, आणि ज्या एका बाईला तो हवा होता तिला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

नागुबाई ठरल्याप्रमाणे आली. चाचांनी खरं ते सांगितलं, हात जोडून. ती रागावली नाही. म्हणाली, "तुमाला काय सपान पडलं व्हतं का भाऊ, ते जाईल म्हणून." एसटीला वेळ होता, म्हणून बसून राहिली. नुसतं बसून काय करायचं, म्हणून तीच म्हणाली, लावा तेच, आता आलेच हाय तर. चाचांनी 'भिंत नको' लावलं. ते संथ सुरू होतं, माइक नागसेनच्या ओठांना लागलेला, ओळी तुटक तुटक.

मधेच तिने हात वर केला.

"थांबा. ते काय झालं आत्ता?"

चाचांनी टेप मागे घेतला. "भिंत नको", मग थोडी जागा, मग "भिंत नको".

"त्ये. मधलं."

"वो कुछ नै बाई. साँस ली उसने. दम घेतला."

"पुन्ना लावा."

चाचांनी पुन्हा लावलं. नाकातून आत जाणारा श्वास, आणि त्यात एक बारीक शीळ. मी त्याच्या शेजारी उभं राहून शंभर वेळा वाजवलं असेल, मला ती कधी ऐकू आली नव्हती. नागुबाईने पदर तोंडाला लावला. "ह्यो हाय. ह्यो माझा नागसेन," ती म्हणाली. मग तिने सांगितलं : शेडमध्ये दोन वर्षं ती रात्रीची झोपलीच नाही. वर पत्रा होता, दगड नव्हता, तरी भरवसा वाटायचा नाही. पोराच्या नाकापुढे हात धरून बसायची. ढिगाऱ्यातली माती नाकात गेल्यापासून त्याची एक नाकपुडी वाजायची. ती वाजली की पोर जिवंत आहे एवढं कळायचं, मग पुढच्या श्वासापर्यंत धीर धरायचा.

"भाऊ, मला येवढंच भरून देता का? गाणं नगं. ह्येच."

टेपमध्ये हवा न विकणाऱ्या माणसाला ती नुसती हवा मागत होती.

चाचांनी पावसाळाभर ते काम केलं. दोन मशीन समोरासमोर. एकीवर गाणं चालू, दुसरीच्या पॉजवर अंगठा. आता उलटं. गाणं आलं की दाबायचं, श्वास आला की सोडायचं. तो श्वास केवढा? चिमटीत धरावा एवढा. अंगठा लवकर सुटला तर ढोलाचा ठोका आत यायचा, उशिरा सुटला तर श्वास जायचा. वय झालं होतं, हात थरथरू लागला होता. चुकलं की पुसायचं, पुन्हा करायचं. मी म्हणालो, "चाचा, आता कंप्युटरवर होतं हे." त्यांनी मला हाकलून दिलं. बरोबरच होतं त्यांचं.

सगळ्या कॅसेटींतले सगळे श्वास गोळा केले, तरी ते एका गाण्याएवढे भरले नाहीत. मग चाचांनी तेच पुन्हा पुन्हा भरलं, दोन्ही बाजू पूर्ण, म्हणजे तिला सारखं मागे घ्यावं लागू नये. पाठीवर नुसतं 'नागसेन' लिहिलं. आपला जुना टेपरेकॉर्डरही तिला देऊन टाकला. एसटीत बसवून आले. कळ्या मोडायला मात्र विसरले नाहीत.

त्यानंतर चाचा फार बोलायचे नाहीत. फक्त कुणी दुकानात येऊन गप्पा मारू लागलं की हळूच एखादी कोरी कॅसेट लावायचे. कुणाचंही, काहीही. माझं वडिलांशी फोनवर खोटं बोलणं, फरीदाचाचीची भाजीवाल्याशी घासाघीस. अशा कॅसेटी त्या खोक्यांत शेवटच्या आहेत, आणि त्यांच्यावर नावं नाहीत. एका सकाळी नमाजाहून येताना छातीत कळ येऊन ते गेले. यासेर सौदीहून पोचला तेव्हा माती झाली होती. त्यानेच दोन्ही खोकी माझ्या घरी आणून ठेवली. म्हणाला, "तूच ठेव. माझ्याच्यानं ऐकवत न्हाई."

गेल्या वर्षी पुण्याच्या एका हसऱ्या माणसाचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता. जुन्या बँडांचं संग्रहण करतोय, म्हणाला, सगळं इंटरनेटवर ठेवणार. मी सगळ्या कॅसेटी कंप्युटरवर घेतल्या. एकच उरली होती. ती नागुबाईकडे होती, आणि ती घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होतो असं मला वाटेना.

लॅपटॉप घेऊन मी तिच्या गावी गेलो. सरकारी घरांच्या सरळ रांगा, तिचं घर टोकाला. नागुबाई खूप थकली होती, पण मला ओळखलं. चाचांचा टेपरेकॉर्डर भिंतीशी, वर धुतलेलं फडकं. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "ऐक की मग," आणि बटण दाबलं.

मी कान लावला. नुसती खरखर. रोज, इतकी वर्षं, तीच फीत फिरून फिरून झिजली होती. श्वास नव्हता, शीळ नव्हती. मी आवाज वाढवला, खरखर वाढली. मी तिच्याकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

"मावशी," मी म्हणालो, "ह्याच्यातलं सगळं गेलंय. पण मूळ टेपं माझ्याकडं हायेत. चार दिवसांत नवीन करून आणतो, पहिल्यापरीस साफ ऐकू येईल."

तिने माझा हात धरला आणि आवाजाचं बटण हलकेच खाली घेतलं.

"नगं रं बाळा," ती म्हणाली. "आत्ता कुटं डोळा लागलाय त्याचा. उठवू नगंस."